कोल्हापूरला सागरी कायद्याचा प्राध्यापक हवा

प्रति,
मा. कुलगुरू, तसेच व्यवस्थापन परिषद व विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.

विषय : सागरी व नौवहन कायद्यासाठी ज्येष्ठ संशोधन प्राध्यापकाचं पूर्णवेळ पद निर्माण करण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

विषय वाचून आपल्यापैकी काहीजण हसले असतील. त्यात नवल नाही. बार रूममध्ये हा विषय काढला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "रंकाळ्यात जहाजं घालणार काय, वकीलसाहेब?" दुसऱ्याने लगेच राजाराम बंधाऱ्यावर गोदी बांधून टाकली. चहा संपेपर्यंत चेष्टा झाली आणि मग त्याच टेबलावरच्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "पण रत्नागिरीची मॅटर्स आता आपल्याकडेच येणार ना?" तिथं सगळे गप्प झाले. त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी या शहराने चार दशकं मोर्चे काढले, कामबंद आंदोलनं केली, मंत्र्यांच्या गाड्या अडवल्या. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत पाट्या लागल्या, पेढे वाटले गेले. बेंचच्या अधिकारक्षेत्रात सहा जिल्हे आले : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पहिल्या चार जिल्ह्यांचे वाद आपल्या ओळखीचे आहेत. ऊस, सहकार, कुळकायदा, वाटणी, भूसंपादन. शेवटच्या दोन जिल्ह्यांबरोबर बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा सगळा समुद्र आपल्या दारात आला आहे, याकडे पेढे खाताना कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्या समुद्राबरोबर काय काय येतं ते बघा. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात मोठे बदल झाले, तहसीलदारांकडे असलेले कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले, दंड जबर वाढले. मालवणचा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, आणि पर्ससीनवाला, म्हणजे यांत्रिक बोटीवरून माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणारा, यांच्यातलं भांडण जुनं आहे. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की पाण्यात झगमगाट दिसतो, असं तिथले लोक सांगतात. यात कायद्याचा खरा पेच १२ सागरी मैलांच्या रेषेवर आहे. रेषेच्या आत राज्याचा कायदा, पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं क्षेत्र. नौका पकडली तेव्हा ती रेषेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे जीपीएसच्या नोंदीवरून ठरवायचं. ती नोंद पुरावा म्हणून कशी सिद्ध करायची, हे जमिनीच्या मोजणीवर आयुष्य घालवलेल्या आम्हा वकिलांना कोण शिकवणार?

जयगडचं उदाहरण घ्या. नवा भारतीय बंदर कायदा २०२५ मध्ये आला. त्यानुसार जयगडसारख्या, म्हणजे केंद्राच्या 'प्रमुख बंदरां'त न मोडणाऱ्या बंदरांचे वाद राज्याने नेमलेल्या समितीपुढे जायचे आणि समितीच्या आदेशावर अपील थेट हायकोर्टात. रत्नागिरीपुरतं ते हायकोर्ट आता सीपीआरसमोर आहे. पायलटेजचं, म्हणजे जहाजाला वाट दाखवून बंदरात आणण्याचं शुल्क, गाळ काढण्याचा ठेका, धक्क्यावर जहाज जास्त थांबलं म्हणून लागलेला आकार, या विषयांवर युक्तिवाद करणारा वकील मुंबईहून गाडी करून येणार आणि आम्ही त्याच्यामागे बसून तारीख लिहून घेणार. खंडपीठासाठी भांडलो ते यासाठी नक्कीच नव्हे.

आणि हा एकच नवा कायदा नाही. २०२५ या एका वर्षात संसदेने समुद्राशी संबंधित पाच कायदे केले : बिल ऑफ लेडिंगचा (म्हणजे जहाज कंपनी मालाबद्दल देते त्या पावतीचा), सागरी मालवाहतुकीचा, किनारी नौवहनाचा, व्यापारी नौवहनाचा आणि बंदरांचा. जे कायदे गेले त्यांची वयं बघा. १८५६, १९०८, १९२५, १९५८. बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदा अवघ्या तीन कलमांचा होता आणि त्या तीन कलमांवर देशाची निर्यात दीडशेहून जास्त वर्षं चालली. आता सगळी घडी नव्याने बसते आहे. नव्या कलमांवर अजून निकाल नाहीत, भाष्यं नाहीत, मराठीत तर ओळही नाही. कायद्याच्या अभ्यासकाला अशी कोरी पाटी जन्मात एकदा मिळते. संशोधनाचं पद काढायचं असेल तर वेळ हीच आहे. दहा वर्षांनी काढलंत तर तोवर लोकांनी लिहून ठेवलेलं वाचण्यापुरतंच काम उरेल.

आता कोर्ट बाजूला ठेवू आणि शिरोलीला जाऊ. कोल्हापूरचा समुद्राशी रोजचा संबंध तिथं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतून कास्टिंग बाहेर पडतं, ट्रेलरवर चढतं, न्हावाशेव्याला जातं आणि जहाजाने जगभर पोचतं. साखर जाते, गूळ जातो, इचलकरंजीचं कापड जातं, चपला जातात. हुपरीची चांदी विमानाने जात असेल, तेवढी वगळा.

एका फाउंड्रीवाल्यांनी मला त्यांची फाइल दाखवली. नाव सांगत नाही, ते त्यांना आवडणार नाही. गिअरबॉक्सच्या हाउसिंगचा कंटेनर युरोपात पोचला तेव्हा आत खारं पाणी शिरलेलं होतं. मशिनिंग केलेल्या पृष्ठभागांवर गंज, खरेदीदाराने माल नाकारला, फोटो पाठवले. विमा नव्हता, कारण व्यवहार एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढला की पुढची जोखीम खरेदीदाराची या अटीवर होता आणि 'पुढचं गिऱ्हाईक बघेल' असा त्यांचा समज होता. गिऱ्हाइकाने विमा फक्त स्वतःच्या नावावर, तोही अपुरा घेतलेला. वर्षभर ईमेल चालले. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणारा मध्यस्थ, म्हणे शिपिंग लाइनला विचारा, शिपिंग लाइन म्हणे फॉरवर्डरला विचारा. फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

मी बिल ऑफ लेडिंग उलटं करून बघितलं. पुढच्या बाजूला जहाजाचं नाव, कंटेनरचा नंबर, वजन. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत पानभर कलमं. फाउंड्रीचे मालक म्हणाले, "ही बाजू असते हे मला आज कळलं." सगळं त्याच बाजूला होतं. माल मिळाल्याच्या किंवा मिळायला हवा होता त्या तारखेपासून एक वर्षात दावा लावला नाही तर जहाजवाला मोकळा. दावा लावायचा तर लंडनच्या हायकोर्टात, इंग्लंडच्या कायद्याने. अनेक मोठ्या कंटेनर कंपन्यांच्या बिलावर हेच असतं. आणि वेळेत, लंडनला जाऊन, वकील लावून जिंकलातच, तरी भरपाईला वरून झाकण आहे : एका नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातली जी रक्कम जास्त असेल ती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन.

हे झाकण कसं काम करतं ते चपलांच्या हिशेबाने सांगतो, म्हणजे कोल्हापुरात लगेच समजेल. समजा, कंटेनरमध्ये चपलांची ५०० खोकी आहेत, प्रत्येक खोकं १२ किलोचं. बिलावर '५०० खोकी' असं मोजून लिहिलं असेल तर प्रत्येक खोकं एक नग धरता येतं आणि मर्यादा होते ३,३३,३३५ एसडीआर. एवढी किंमत चपलांची नसतेच, म्हणजे पूर्ण नुकसान मागता येतं. पण फॉरवर्डरच्या पोराने घाईत नुसतं 'एक कंटेनर' लिहिलं, तर सगळा कंटेनर मिळून एक नग. मग किलोचा हिशेब लागतो : ६,००० किलो गुणिले २, म्हणजे १२,००० एसडीआर. आजच्या भावाने चौदा लाखांच्या आसपास. माल चाळीस लाखांचा असला तरी. एका रकान्यात काय टाइप केलं, यावर पंचवीस-सव्वीस लाखांचा फरक. त्यातही 'मोजून लिहिलं' म्हणजे नेमकं काय, 'आत एवढी खोकी असल्याचं सांगण्यात आलं' हे शब्द पुरेत का, यावर जगभरच्या कोर्टांत कीस पडला आहे.

नव्या २०२५ च्या मालवाहतूक कायद्यात हे नियम अनुसूचीत ठेवले आहेत आणि ती अनुसूची अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे एखाद्या दिवशी राजपत्रात दोन पानं छापून येतील आणि शिरोलीच्या प्रत्येक कंटेनरचं गणित बदलेल. राजपत्र वाचायला आपल्याकडे माणूस आहे का? उसाच्या एफआरपीची अधिसूचना निघाली की गावातला शेंबडा पोरगाही ती तोंडपाठ म्हणतो. तेवढी जाण या विषयात यावी, एवढंच मागणं आहे.

न्यायाची वाट मुळीच नाही, असंही नाही. गोव्यातल्या एका निर्यातदाराचा माल मुरगावहून निघालेल्या परदेशी जहाजाने त्याच्या सूचनेविरुद्ध परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात दिला. पुढे १९८४ मध्ये तेच जहाज विशाखापट्टणमला आल्यावर त्याने ते आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाकडून अडकवलं. जहाजवाल्यांचं म्हणणं होतं, इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यात देशात आणलेल्या मालापुरतेच अधिकार आहेत, बाहेर जाणाऱ्या मालाबद्दल नाहीत. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'एम. व्ही. एलिझाबेथ'च्या निकालात हे साफ धुडकावलं. स्वतंत्र देशाची उच्च न्यायालयं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या अधिकारांत कोंडून ठेवता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. हा निकाल निर्यातदाराचा आहे, शिरोलीचा आहे. पुढे २०१७ मध्ये संसदेने नौकाधिकाराचा, म्हणजे जहाजांविरुद्धच्या दाव्यांचा, स्वतंत्र कायदा केला, १ एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला. आजही असे दावे मुंबईत हायकोर्टाच्या मूळ शाखेत चालतात. उद्या जयगडच्या धक्क्याला लागलेलं जहाज अडकवायचं असेल तर अर्ज मुंबईला करायचा की कोल्हापूरला? हा प्रश्न एखाद्या प्रकरणात घाईघाईने, रात्री अकरा वाजता, जहाज सुटायच्या बेतात असताना विचारला जाईल. त्याआधी कोणीतरी शांतपणे बसून त्यावर चाळीस पानं लिहिलेली असावीत.

परिणाम किती मोठे असतात ते केरळने नुकतंच पाहिलं. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' हे लायबेरियाचा झेंडा असलेलं जहाज कोचीजवळ ६४० कंटेनरसह बुडालं. प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर आले, मासेमारी थांबली. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच समूहाचं दुसरं जहाज बंदरात अडकवून ठेवलं. बुडालेल्या जहाजाबद्दल दुसरं, धडधाकट जहाज कसं अडकवता येतं, हे समजलेली माणसं केरळच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत होती. असं जहाज उद्या देवगडच्या समोर बुडालं तर?

खलाशांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हा विषय फाउंड्रीवाल्यांपेक्षा गरिबांचा आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातून पोरं मर्चंट नेव्हीत जातात. सैन्याची भरती हुकली की दुसरा दरवाजा तोच. नवी मुंबईतल्या कुठल्यातरी एजंटाला चार-पाच लाख द्यायचे, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, काढायची आणि जहाजावर चढायचं. आजऱ्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पोरगा आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर अडकलेला. पगार चार महिने नाही, मालक फोन उचलत नाही, पाणी मोजून प्यायचं. एजंटाचं ऑफिस बंद. बापाने पिशवीतून पावत्या काढल्या, त्यावर कंपनीचं नाव वेगळं आणि करारावर वेगळं. त्यांचा प्रश्न साधा होता : "तक्रार कुठल्या पोलीस ठाण्यात द्यायची?" जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशात, कप्तान तिसऱ्या देशाचा, पाणी चौथ्या देशाचं आणि बाप आजऱ्याचा.

कायद्यात उत्तर आहे आणि ते चांगलं आहे. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. दोन महिने पगार थकला की त्या खलाशाला 'सोडून दिलेला' धरता येतं. मग जहाजाच्या विमा कंपनीने चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च द्यायचा. विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असावं लागतं, त्यावर कोणाला फोन करायचा तेही असतं. शिवाय आपल्या २०१७ च्या कायद्यानुसार खलाशाच्या पगाराचा हक्क थेट जहाजावर बसतो, मालक बदलला तरी, आणि वसुलीच्या क्रमात तो सगळ्यांच्या आधी येतो. बँकेच्या गहाणाच्याही आधी. मी त्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, भिंतीवरचा कागद शोध आणि फोटो पाठव. कागद सापडला. त्या गावात त्याच्यासारखी अजून पोरं आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही जहाजावर चढण्याआधी हे मराठीत कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता आक्षेपांकडे येतो. "हे मुंबईचं काम आहे" हा पहिला. मुंबईत हे काम होतंच आणि जहाज कंपन्यांसाठी उत्तम होतं. मालवाल्यांसाठी, मच्छीमारांसाठी, खलाशाच्या बापासाठी किती होतं हे त्यांनाच विचारा. "कोल्हापूरला समुद्र कुठं आहे" हा दुसरा. जगातली सर्वांत मोठी कंटेनर कंपनी जिनिव्हातून चालते आणि स्वित्झर्लंडला समुद्र नाही. समुद्र नसलेल्या देशांनाही आपल्या झेंड्याची जहाजं चालवण्याचा हक्क आहे, हे जगाने १९२१ मध्येच बार्सिलोनात मान्य केलं. आपल्याला तर फक्त गगनबावड्याचा घाट उतरायचा आहे.

आणि कोल्हापूरला समुद्र नव्हता असंही नाही. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर रियासतीकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं स्वतःचं नाव दिलं, नंतर जिजाबाईंच्या कारकिर्दीत करार करून तो परत केला. १७९२ च्या तहात कोल्हापूरकरांनी १७८५ पासून व्यापाऱ्यांच्या झालेल्या नुकसानीची हमी दिली आणि मालवण व कोल्हापूर इथं इंग्रजांना वखारी काढू दिल्या. १८१२ च्या तहात मालवण गेलं. इंग्रजी कागदांत आपल्या आरमाराला चाचे म्हटलं आहे, आपल्या बाजूने बघितलं तर परवाना न घेता फिरणाऱ्या जहाजांवरची ती कारवाई होती. आपल्याच समुद्रात कोणाचा दस्तक चालणार, हे नौवहन कायद्याचं मूळ भांडण आहे आणि त्याची एक बाजू कोल्हापूर पुराभिलेखागारात मोडीत पडून आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं, ते वाक्य व्यासपीठावर वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. ते कागद वाचणारा मात्र मिळत नाही.

पद कसं असावं, यावर माझी मतं ठाम आहेत. रागावू नका.

पहिलं म्हणजे ते मंजूर, पूर्णवेळ पद हवं. सीएचबीवर, तासाला अमुक रुपये देऊन माणूस आणून हा विषय उभा राहणार नाही. त्याचा निम्मा जीव पुढच्या वर्षीच्या नेमणुकीत अडकलेला असतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या वर 'ज्येष्ठ प्राध्यापक' ही पायरी आहे, तिचा उपयोग करा. जोडीला २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय झाली आहे : क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस, जास्तीत जास्त चार वर्षांसाठी. तिथं एखादा निवृत्त कप्तान किंवा मुख्य अभियंता बसवा. पण कप्तानाला मुख्य पदावर बसवू नका आणि निवृत्त न्यायमूर्तींना मानाचं पद म्हणूनही देऊ नका. अध्यासन निघतं, उद्घाटनाला शाल-श्रीफळ होतं, वर्षातून एक व्याख्यानमाला होते आणि खोलीला कुलूप लागतं, हे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पुष्कळ पाहून झालं.

दुसरं, त्या व्यक्तीवर अध्यापनाचा भार एका विषयापुरताच ठेवा. एलएलएमचा एक पेपर पुरे. बाकीचा वेळ लेखनाला, आणि लेखनाचा मोठा वाटा मराठीत. पाच नव्या कायद्यांचं कलमवार मराठी भाष्य हे पहिलं काम, आणि ते संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळालं पाहिजे. पदोन्नतीच्या गुणांसाठी इंग्रजी नियतकालिकांत लेख लागतात हे मला माहीत आहे. ते त्यांनी लिहावेतच. पण मालवणच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला समजेल अशा पानाला त्या गुणपत्रिकेत शून्य गुण मिळत असतील, तर विद्या परिषदेने स्वतःच्या अधिकारात त्याची काही सोय करावी.

तिसरी अडचण हद्दीची आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाकडे, कोर्ट मात्र आपल्याकडे. त्यामुळे करार करावा लागेल, मुंबई विद्यापीठाशी आणि रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाशी. जाळ्यांच्या आसांचा आकार किती मिलिमीटर, माशांच्या विणीचा काळ कोणता, हे कायद्याच्या माणसाने तिथल्या शास्त्रज्ञाकडूनच शिकायचं आहे. या प्राध्यापकाचं ऑफिस विद्यापीठात असेल, पण महिन्यातले काही दिवस तो किंवा ती रत्नागिरी-मालवणला बसलेली दिसली पाहिजे. संशोधन सहायक दोन द्या, एक मोडी वाचणारा आणि एक किनाऱ्यावरच्या घरातला.

पैशांचं बोलू. प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते धरून वर्षाला तीस लाखांच्या घरात. पदमंजुरीची फाइल मंत्रालयात जाईल तेव्हा जाईल. तोवर साडेचार कोटींचा कायम ठेव निधी उभा केला तर सात टक्के व्याजावर एक पद निघतं. साडेचार कोटी ही रक्कम गोशिमा आणि स्मॅक या उद्योजकांच्या संघटना, साखर कारखाने आणि निर्यातदारांनी मनावर घेतली तर जमण्यासारखी आहे. मी त्यांच्याकडेही जाणार आहे. मात्र देणगीदाराला नेमणुकीत शब्द नसावा, हे करारात लिहून घ्या. फाउंड्रीवाल्यांच्या पैशावर बसलेल्या प्राध्यापकाने खलाशाच्या बाजूने लिहिलं तर ते त्याला लिहिता आलं पाहिजे.

ऑस्लो विद्यापीठाने सागरी कायद्याची संस्था १९६३ मध्ये काढली. शिवाजी विद्यापीठ त्याच्या आदल्या वर्षी, १९६२ मध्ये स्थापन झालं. गुजरातने २०१७ मध्ये सागरी विद्यापीठच काढलं. आम्ही एक खुर्ची मागतो आहोत.

व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. तिथं बोलावलंत तर येईन, पाच-सहा पक्षकारांनाही घेऊन येईन, फाउंड्रीवालेही येतील आणि आजऱ्याचेही. आणि जाहिरात निघेल तेव्हा एक विनंती : पात्रतेच्या रकान्यात 'एलएलएम, कोणताही विषय' असं लिहू नका. सागरी किंवा नौवहन कायद्यातली पीएच.डी. किंवा तोडीचं प्रकाशित संशोधन, मराठी वाचता-लिहिता येणं बंधनकारक, आणि मुलाखतीच्या समितीवर नौकाधिकाराच्या दाव्यांत प्रत्यक्ष उभा राहिलेला किमान एक वकील. मुलाखतीत उमेदवाराच्या हातात एक खरं बिल ऑफ लेडिंग द्या आणि मागची बाजू वाचायला सांगा.

कळावे,
आपला,
कोल्हापूर जिल्हा न्यायालयातला एक वकील